गोठ्यातली काडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावाला नाही, मी जिला सगळं सांगते असं जी समजते त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायची वेळ कितीदा तरी आली. तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगायचं तर मायही आता नाही.

कुठून सुरुवात करू? चर्चपासूनच करते. चर्चबद्दल बोलायला मला सोपं जातं.

परभणीच्या स्टेशनकडून बाजाराकडे निघालात की डाव्या हाताला ते लागतं. लागतं म्हणजे — आधी दिसतच नाही. मोबाइलची दुकानं, बांगड्यांची दुकानं, केळीचे गाडे, उर्दू पाट्यांचे दवाखाने, एकमेकांच्या अंगावर चढलेल्या रिक्षा, आणि या सगळ्याच्या मागे एक काळ्या दगडाची भिंत. निजामाच्या काळात रेल्वे आली, तिच्यासोबत लांबलांबची माणसं नोकरीला आली आणि त्यांनी ते बांधलं, असं म्हातारी माणसं सांगतात. रिक्षावाले अजून त्याला गिर्जा म्हणतात. फाटकातून आत गेलं, पायऱ्या चढलं आणि ते जड सागवानी दार मागे लोटलं की रस्त्यावरचा सगळा कालवा बंद होतो. इतका एकदम बंद होतो की आपल्या कानालाच काही झालं की काय असं वाटतं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या मुलाखतीला. शाळा चर्चला लागूनच आहे. मुलाखतीला वेळ होता म्हणून आत डोकावले, आणि डोकावलेलीच राहिले. छत एवढं उंच, की बघता बघता मान दुखावी. वरच्या खिडक्यांतली निळी-लाल काच, तिच्यातून येऊन फरशीवर पडलेलं ऊन, कुठेतरी पंख फडफडवणारं एकच कबूतर. मी देवधर्म फार करणारी बाई नाही. पण त्या दिवशी माझ्या हातातली फाइल मी छातीशी धरली होती आणि मला रडायला येत होतं. का, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

नोकरी मिळाली. मी तिथे मराठी शिकवू लागले. आणि माणूस कसा असतो बघा — महिन्याभरात मी वर बघायचं सोडून दिलं. रोज त्या चर्चच्या बाजूने जायचे ते हजेरीचा आणि तासाचा विचार करत.

वर बघायचं सोडलं तसं आणखीही बरंच सोडलं. मी चुडाव्याची. आमच्या गावाला स्टेशन आहे, पॅसेंजर थांबते, एवढीच आमची ऐट. घरी थोडीशी कोरडवाहू जमीन, बैलजोडी, एक म्हैस. स्टाफरूममध्ये मात्र मी 'नांदेडकडची' झाले. 'लय' म्हणायची सवय होती, तिथे 'खूप' आलं. 'हाय' गेलं, 'न्हाई' गेलं. पोरं हसतात म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. पोरं कुठली हसतात? पोरांच्या घरी तसंच बोलतात. लाज माझी मलाच वाटत होती, आणि तिला मी चांगले कपडे घालून फिरवत होते.

बघा, अजून मी मुद्द्यावर आले नाही. येते.

नोकरीला काही वर्षं झाली होती, तेव्हा अण्णांना — माझ्या वडिलांना — लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, मालिश करणारा झाला. आणि माझ्या मायनं तिचं काम सुरू केलं. मायचा एक रिवाज होता. कुठल्याही देवाच्या दारी गेली की तिथून काहीतरी पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि घरी आजारी माणसाच्या तोंडात घालायची. आपण तिथं बसून खायचं नाही. जो येऊ शकला नाही त्याचं ते. गावच्या मारुतीचा नारळ असो, इथल्या दर्ग्याच्या उरसातला मलिदा असो, शेजारच्या बौद्ध आळीतली जयंतीची खीर असो — ती तर डबा घेऊन जायची. देव कुणाचा, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तुझं गिर्जाघर तेवढं राहिलं बघ, ती मला म्हणाली. नाताळाला येते.

आली. सकाळच्या पॅसेंजरनं, हिरवं लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून. स्टेशनवर मी तिला घ्यायला गेले आणि — हे सांगायला जड जातंय — तिचं ते लुगडं बघून मी आधी आजूबाजूला ओळखीचं कुणी आहे का ते पाहिलं.

पण तिला घेऊन आत गेले तेव्हा काय झालं ते ऐका. फाटकाजवळच तिनं चपला काढल्या. मी म्हणाले, इथं चालतं माय. तिनं ऐकलं नाही. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आत आली आणि वर बघू लागली. बघतच राहिली. डोक्यावरचा पदर खाली घसरला तरी तिला कळलं नाही. माझ्या मायचा पदर डोक्यावरून पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "एवढं उंच कशाला केलं असंल गं? वर कोन ऱ्हायलंय?"

मी वर बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. तेच छत, तीच काच, तेच ऊन. त्या क्षणी मला ती इतकी आवडली, की — आणि तरीही. तरीही बघा मी काय केलं.

वेदीच्या बाजूला त्यांनी गोठा केला होता. दरवर्षी करतात. पाटीएवढी गव्हाण, मातीची गाय, गाढव, मेंढरं आणि खाली खरंखुरं गवत अंथरलेलं. माय तिथे उकिडवी बसली. तिनं ते गवत बोटानं चाचपून पाहिलं, गायीचं तोंड पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. "गोठ्यात जलमला व्हय ह्यांचा देव? मंग तर आपलाच की," ती म्हणाली. जरा मोठ्यानं म्हणाली. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. हसून पाहिलं, प्रेमानंच पाहिलं असेल. मला ते तसं दिसलं नाही.

मी तिला उठवलं आणि सगळ्यात मागच्या बाकावर नेऊन बसवलं. माझ्या वर्गाची पोरं पुढे गाणी म्हणणार होती, त्यामुळे मला पुढे बसणं भाग होतं, हे खरं. पण पुढे जागा होती, हेही खरं. "इथंच बस, हलू नको," एवढं सांगून मी गेले. आत काय होणार, काय करायचं, काय नाही करायचं — एक शब्द सांगितला नाही. सांगत बसले असते तर माझ्यासोबतची म्हणून दिसली असती ना ती!

मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सुरू झाली. पोरांनी गाणी म्हटली. मग प्रसादाची वेळ आली. आपण त्याला प्रसाद म्हणतो. त्यांच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर असतं. पांढरी, पातळ, रुपयाएवढी भाकर. ज्यांनी त्यांची दीक्षा घेतली आहे त्यांनीच ती घ्यायची, तिथल्या तिथे तोंडात घालायची आणि बाहेर तर मुळीच न्यायची नाही. त्यांच्यात याहून पवित्र दुसरं काही नाही. हे मला माहीत होतं. शाळेत लागल्यावर पहिल्याच नाताळाला मला कुणीतरी समजावून सांगितलं होतं.

रांग लागली. नाताळची गर्दी ती. आणि त्या रांगेत मला हिरवं लुगडं दिसलं.

मी उठू शकत होते. चार पावलं चालून तिचा हात धरला असता तर काही झालं नसतं. मी हातातल्या गाण्याच्या कागदात बघत बसले.

तिनं ओंजळ पुढे केली. वृद्ध फादरांनी, गर्दीत, त्या ओंजळीत ती भाकर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली, बाजूला सरकली, पदराच्या टोकात ठेवली आणि दातानं ओढून घट्ट गाठ मारली. अण्णांसाठी.

रांगेजवळ गळ्यात स्वयंसेवकाची निळी फीत घातलेले एक काका उभे असायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी ते पाहिलं आणि ते अक्षरशः धावले. ओरडले नाहीत हो, अजिबात नाही. पण घाबरले होते. "बाई, ते तोंडात घाला नाहीतर परत द्या, नेऊ नका," असं ते दबक्या आवाजात सांगत होते आणि मायला काही उमगत नव्हतं. तिनं गाठ मुठीत धरली होती. लोक बघायला लागले. मोठ्या सिस्टर, आमच्या मुख्याध्यापिका, माझ्या मागेच बसल्या होत्या. सकाळी फाटकातून आम्हाला येताना त्यांनी पाहिलं असावं. त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "या तुमच्यासोबत आहेत का? तुम्ही जरा समजावता का त्यांना?"

किती साधं होतं. त्या मला मदत मागत होत्या.

मी म्हणाले, "नाही सिस्टर. मी ओळखत नाही यांना. गावाकडचे लोक येतात असे."

झालं. सांगितलं एकदाचं. पण थांबा — मला वाटायचं, एवढंच आहे. घाबरून तोंडातून गेलं, असं म्हणून मी कितीतरी वर्षं स्वतःला चुचकारलं. यापेक्षा वाईट अजून पुढे आहे.

माय माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. राग नव्हता. काय होतं मग? शाळेत असताना मला ताप आला की माझ्या कपाळाला हात लावून ती जशी बघायची, तशी बघत होती. काकांनी तिला विचारलं, "तुमच्यासोबत कोण आहे बाई?" तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली आणि म्हणाली, "कोन्नी न्हाई बाबा. एकलीच आले मी. माझं हितं कोन न्हाई."

तोवर फादर स्वतः खाली आले. त्यांनी तिला बाजूच्या बाकावर बसवलं, आपण शेजारी बसले. मी ऐकत होते. माझे कान तेवढे काम करत होते. हे इथंच खायचं असतं आई, ते म्हणाले. माय म्हणाली, घरी माणूस पडून हाय, बोलता येत न्हाई त्याला, त्याच्यासाठी नेत होते. चुकलं असंल तर पाया पडते. तिनं गाठ सोडली. फादरांनी ती भाकर तिच्या पदरातून अलगद उचलली, स्वतः तोंडात घातली आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून अण्णांसाठी काहीतरी म्हणाले. मी त्या इमारतीत इतकी वर्षं काढली, पण तिची उंची मला खरी कळली ती तेव्हा. आणि मी तिच्यात कुठे बसले होते तेही.

मायनं मग विचारलं, "त्या गोठ्यातली एक काडी नेऊ का? ती तर चालंल ना?"

फादर हसले. म्हणाले, ने आई, पाहिजे तेवढ्या ने. तिनं एकच घेतली. गाठ मारली आणि मागे न बघता बाहेर गेली.

मी तिच्या मागे गेले का? नाही. पोरांना खाऊ वाटायचा होता. सिस्टरांनी सगळ्यांना केक आणि चहा दिला, तो मीही घेतला. एक मॅडम म्हणाल्या, किती भोळी असतात नाही ही माणसं! मी हो म्हणाले.

ती स्टेशनवर सापडली, बाकड्यावर, पाय वर घेऊन बसलेली. गाडीला वेळ होता. मी शेजारी बसले. आता ती बोलेल, रडेल, शिवी देईल, असं मला वाटत होतं. द्यावी असंही वाटत होतं. ती म्हणाली, "चहा घेतलास का?" मग जरा वेळानं, इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून म्हणाली, "तुज्या नोकरीला काई झालं न्हाई ना? मी हाय म्हनून कळलं असतं तर काडलं असतं व्हय तुला?"

तिनं मला सबब तयार करून दिली होती. चर्चपासून स्टेशनपर्यंत एकटी चालत येताना तिनं ती माझ्यासाठी शोधून काढली असणार. लेक असं का बोलली याचं तिला सहन होईल असं एकच कारण होतं, आणि ते तिनं माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हणाले, "हो माय. काढलं असतं."

हा माझा गुन्हा. ते चर्चमधलं वाक्य घाबरून गेलं असेल. हे घाबरून नाही गेलं. हे मी नीट विचार करून, तिच्या डोळ्यात बघून बोलले. तिथलं कुणीही मला काढणार नव्हतं. तिला पुढच्या बाकावर बसवून त्यांनी चहा पाजला असता. ती म्हणालीसुद्धा, "त्यो पांढऱ्या झग्यातला बाबा तर लय मायाळू वाटला गं." मी म्हणाले, त्यांच्या हातात नसतं सगळं. एका खोट्यावर दुसरं, आणि तेही त्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर.

त्या दिवसापासून माय चर्चकडे फिरकली नाही. परभणीला यायची, दवाखान्याला, बाजाराला. आली की स्टेशनवरच बसायची आणि कुणाच्या तरी मोबाइलवरून मला फोन लावायची. शाळेच्या रस्त्यालाही यायची नाही. तुज्या नोकरीला नको, म्हणायची. काडी तिनं अण्णांच्या उशाखाली ठेवली होती. अण्णा उठले नाहीत, पुढच्या पावसाळ्यात गेले. तिनं त्या काडीला बोल लावला नाही. देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या लेकीच्या शाळेपाशी एवढं मोठं देऊळ हाय, वर बगितलं की आभाळच. लेकीनं दाखवलं मला, असं सांगायची.

आणि दर नाताळाच्या तोंडावर विचारायची, "यंदा बी केला का गं गोठा त्यांनी?" मी म्हणायचे, केला. कशी गाय आहे, कुठलं गवत आहे, ती विचारायची. मी सांगायचे. गव्हाचं काड असेल तर तिला बरं वाटायचं.

स्टेशनच्या पुलावर चढलं की चर्चचा मनोरा दिसतो, टोकाचा क्रूस आणि थोडासा दगड. पुलावर आली की माय थांबायची. लोक धक्के देत जायचे. ती पिशवी खाली ठेवायची, तिकडे बघून हात जोडायची. मी शेजारी उभी असायचे. चालत गेलं तर पाच मिनिटांवर होतं ते.

एकदा — एकदाच — ती पुलावर म्हणाली, "मी मागून येऊन गुमान बसू का? गोठा बगते आन् जाते. तू वळख दिऊ नको. मी बी देत न्हाई."

मी म्हणाले, कशाला उगं माय, लय गर्दी असती.

बघा, 'लय' म्हणाले. तिच्याशी तिच्या भाषेत बोलले, आणि तिला नाही म्हणाले. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. काडी अजून भावाच्या देवघरात आहे. भावजय झाडझूड करताना ती उचलते, पुसते आणि परत ठेवते. ही कसली काडी म्हणून एकदा तिनं विचारलं. मायनं आणली होती, एवढंच मी सांगितलं.

चर्चमध्ये एका कोपऱ्यात लाकडाची छोटी खोली आहे. तिथे गुडघे टेकून ते लोक जाळीपलीकडच्या फादरांना आपलं पाप सांगतात आणि हलकं होऊन बाहेर येतात. तिच्या बाजूने मी रोज जाते. ती माझ्यासाठी नाही. आणि असती, तरी मला हलकं व्हायचं नाही.

या नाताळाला माझ्या वर्गाची पोरं गात नव्हती. मला पुढे बसायचं कारण नव्हतं. मी चपला फाटकाशी काढल्या आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथून गोठा दिसतच नाही. मधे खांब येतो. हे मला ठाऊक नव्हतं. छत मात्र तिथूनच पूर्ण दिसतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी बघत राहिले. कोण राहत असेल वर?

रांग लागली तेव्हा निळ्या फितीतल्या एक बाई वाकून मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इथं मागं का? सोबत कुणी आहे का?"

मी म्हणाले, "नाही. एकटीच आले."

ह्या वेळी ते खरं होतं.